चक हालून राहिला

कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साचतात; त्याच्यासमोर कोणी जीभ आवरत नाही. लग्न होऊन गोंदियाजवळच्या गोरेगावात आले, तर घराच्या पुढच्या खोलीतच लोखंड कातायचं लेथ मशीन. श्रोत्याची जागा मला आयतीच मिळाली.

*

माझा पहिला दसरा. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पूजेसाठी मशीन उघडून पुसलं. काम पकडून फिरवणारा जड चकसुद्धा काढून पाटावर ठेवला. हळद, कुंकू, अक्षता माझ्याकडे. नवी सून, दिसेल त्या भागाला बोट टेकवत गेले. मामाजी पाहुण्यांना म्हणाले, "सुनंनं एकबी भाग सोडला नाही."

सासरची पहिली शाबासकी!

*

मग राईस मिलचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, कातायला आला. नवं धान यायच्या आत हवा होता. एवढं मोठं काम मामाजींनी पहिल्यांदाच ह्यांच्या हाती दिलं. ह्यांनी आधी एक साधा तुकडा चकमध्ये धरून पाहिला, तर माप दाखवणाऱ्या डायलची सुई नाचायला लागली. म्हणजे तुकडा सरळ फिरतच नव्हता.

"चक नाही, तुझा हात हालून राहिला," मामाजी म्हणाले. "सोमवारपर्यंत पाहातो. नाही तं शाफ्ट मी करतो, तू बोल्ट काप."

*

मिलचा मिस्त्री गोंदियाहून आला. पेचकसाचं टोक मशीनला, मूठ कानाला लावून आवाज ऐकला.

"बेअरिंग गया. लिख के देता हूँ."

तो गेल्यावर मामाजी म्हणाले, "याले खाट दाखोली तरी बेअरिंगच जाते."

*

एकदा चहा मी मशीनवरच ठेवला. कपात बारीक लाटा.

"बंद कर आधी," मामाजी म्हणाले.

"बंदच आहे, बाबा," हे म्हणाले.

थरथर शेजारच्या पिठाच्या चक्कीची होती. चक्कीवाल्या काकांनी ती अर्धा तास थांबवली. चहा शांत झाला, मशीन चालू केलं, पण सुई नाचतच राहिली. बाहेर डबे घेऊन उभ्या बायकांतली एक म्हणाली, "काऊन जी, आज लोखंड दळून राहिले का?"

*

रविवारी ह्यांनी फिरत्या तुकड्याला खडू टेकवला. खूण एकाच बाजूला उठली. तुकडा अर्धा वळवून धरला, पुन्हा खडू.

"खूण तुकड्यावर दुसरीकडे गेली," मी म्हणाले, "पण चकच्या त्याच कडेला आहे. म्हणजे हात नाही, चकच."

मग मामाजींनी पाना उचलला.

चक निघाला. तो जिथे टेकतो त्या लख्ख बैठकीवर कुंकवाचं एक बोट, आणि त्यात चपटा झालेला तांदळाचा दाणा.

"बसवताना पुसायचं माझ्याकडून राहिलं," हे घाईने म्हणाले.

मामाजींनी नखाने दाणा काढला, बैठक पुसली, चक बसवला. सुई जागेवर उभी. शाफ्ट ह्यांच्याकडे सरकवत म्हणाले, "घे. सोमवार उद्या आहे."

मग तो दाणा माझ्या तळहातावर ठेवला.

"मी तं त्याच दिवशी म्हणलो होतो. सुनंनं एकबी भाग सोडला नाही."