निळ्या दोऱ्याची गाठ

हे सांगायला मी चार-पाचदा तोंड उघडलं आहे. एकदा बायकोसमोर, एकदा थोरल्या भावासमोर. दर वेळी दुसरंच काहीतरी बोलून गप्प झालो. आज लिहितो आहे, कारण लिहिताना समोर कुणाचा चेहरा नसतो.

मी बदलापूर गावातला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला मीच. आईने सर्टिफिकेट फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलं. नोकरी मात्र लवकर लागली नाही. लागली ती उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानात. दुकानामागे छोटं गॅरेज. ही नोकरीही तिथेच काम करणाऱ्या, आईच्या ओळखीच्या मंदाताईंमुळे मिळाली. त्यांनीच शेठना सांगितलं, "पोरगा शिकलेला आहे, सरळ आहे, ठेवून घ्या." सरळ — हा त्यांचा शब्द.

मंदाताई अंबरनाथच्या बुवापाड्यात राहायच्या. आधी बरीच वर्षं जीन्स धुण्याच्या कारखान्यात होत्या. तो बंद पडला आणि त्या आमच्याकडे एअर फिल्टर धुवायला आल्या. इंजिनात जाणारी हवा गाळणारा हा फिल्टर बहुतेक गाड्यांत कागदाचा असतो. खराब झाला की फेकतात. पण काही हौशी लोक सुती कापडाचा बसवतात. तो धुवून, वाळवून, पुन्हा तेल लावून वर्षानुवर्षं चालतो. कापड आणि पाणी ताईंच्या हाताला ओळखीचं होतं. आतून बाहेर हलकी धार मारायची, सावलीत पूर्ण वाळू द्यायचं, मग प्रत्येक घडीवर लाल तेलाची एक बारीक रेघ. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते. जास्त झालं तर हवेबरोबर ओढलं जाऊन पुढच्या नाजूक सेन्सरवर बसतं, आणि गाडी झटके देत बंद पडते.

काम मनासारखं झालं की त्या फिल्टरच्या कडेला जीन्सच्या निळ्या दोऱ्याची गाठ बांधायच्या. गाठ दिसल्याशिवाय मेकॅनिक फिल्टर बसवत नसे. ती गाठ त्यांनी मलाही शिकवली होती. "काय ग्रॅज्युएट साहेब, कॉलेजात हे नव्हतं ना?" म्हणून हसल्या होत्या.

आता ती दुपार. मी उगाच लांबवतो आहे का? असेन.

ताई जेवायला गेल्या होत्या. बदलापूरचं एक गिऱ्हाईक पुढे काउंटरवर सारखं घड्याळ बघत होतं, शेठ त्यांना थंडा पाजत होते. मागे मी एकटा. गिऱ्हाइकाचा, ताईंनी धुऊन ठेवलेला फिल्टर अजून ओलसर होता — बोटाला कळत होतं. "उद्या या" म्हणायचं होतं, एवढंच. पण मला दाखवायचं होतं की शिकलेल्या माणसाला हेही जमतं. ओल्या कापडात तेल मुरेना. पांढरे ठिपके दिसत राहिले, म्हणून मी आणखी ओतलं. आणखी. मग ताईंच्या डब्यातला दोरा काढला आणि गाठ बांधली — अगदी त्यांच्यासारखी. त्यांच्यावर ढकलायचं तेव्हा मनात नव्हतं. मेकॅनिकने बसवावा, इतकंच. पण मनात काय होतं, याने काय फरक पडतो?

दोन दिवसांनी ती गाडी ओढून आणली. पुलाच्या चढावर बंद पडली होती. मागचा टेम्पो थोडक्यात थांबला. गाडीत त्या गिऱ्हाइकाची गरोदर सून होती. कुणाला लागलं नाही.

शेठनी फिल्टर काढून सगळ्यांसमोर वर धरला. "मंदाबाई, ये फिल्टर है कि भजिया? कितना तेल पिलाया है!"

मेकॅनिक हसला. मीही हसलो.

ताईंनी फिल्टर हातात घेतला. गाठ चाचपली. "दोरा माझाच आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात — "पण मला आठवत का नाही रे?"

शेठना नाही, मला विचारलं त्यांनी. आणि मी म्हणालो, "होतं असं, ताई. कामाचा लोड असतो."

त्यानंतर त्या बदलल्या. तेल लावलेला फिल्टर पुन्हा उजेडात धरायच्या. "हा मीच केला ना?" असं दिवसातून कितीदा तरी विचारायच्या. मी "हो ताई" म्हणायचो — ते खरंही असायचं. शेवटी मीच त्यांना अंबरनाथला डॉक्टरकडे घेऊन गेलो. ऐकता आहात ना? मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी बरंच काही विचारलं, वार, महिना, घरातल्यांची नावं. ताईंनी सगळं बरोबर सांगितलं. "काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

परतताना शेअर रिक्षात आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. "डॉक्टरला काय ठाऊक, मी काय विसरले ते," त्या म्हणाल्या. उतरेपर्यंत मला एक वाक्य बोलता आलं असतं. उतरल्यावर मी दोघांचं भाडं दिलं.

काही महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. शेठनी थांबवून पाहिलं. "नको शेठ, माझ्या हातून कुणाचा जीव जायचा," म्हणाल्या. त्या गेल्या त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला सर्वांत जड जातं आहे, पण वाटलं.

गेल्या वर्षी मंदाताई वारल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी बुवापाड्यात गेलो. तोवर मला अंबरनाथच्या एका कंपनीत चांगली नोकरी होती. शेठ दुकान विकून गावी गेले होते. मला कुणाची भीती उरली नव्हती. बुद्धवंदना झाल्यावर त्यांची मुलगी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई शेवटी शेवटी गॅससुद्धा पेटवायची नाही, दादा. विसरेन म्हणायची. नातवाला कडेवर घ्यायची नाही, कुठेतरी ठेवून येईन म्हणायची. दुकानातच सुरू झालं होतं ना हे? तुम्ही तर रोज सोबत होतात."

ती माझ्याकडे बघत होती. तिला फक्त खरं काय ते हवं होतं.

"हो," मी म्हणालो. "मला तेव्हाच शंका आली होती."