कासिल्दाबाईंचा मोडायचा संगणक

ओरुरो शहरातल्या खाणकामगार वस्तीत कासिल्दाबाईंनी उभी हयात टंकलेखन शिकवलं. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता घरी बसणार. बाईंनी बाजारातून एक जुना संगणक उचलून आणला आणि वर्गाच्या मधोमध मांडला. त्यात विंडोज आणि दोन तऱ्हेची लिनक्स अशा संगणक चालवणाऱ्या तीन यंत्रणा बसवायच्या, सुरू करताना यादीतून हवी ती निवडायची, असा त्यांचा बेत होता.

"उद्या कचेरीत पुढ्यात काय येईल, सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आपण सगळंच शिकून ठेवू."

वर्गात रुफिना होती. एका वकिलाने तिला नुकतंच कामावरून काढलं होतं. त्याच्या संगणकात लिनक्स होतं, ते तिने कधी पाहिलंही नव्हतं, आणि तिच्या हातून एक फाइल कायमची पुसली गेली होती. तेव्हापासून माउस धरला की तिची बोटं थिजायची. बाईंनी मुद्दाम तिलाच खुर्चीत बसवलं.

"मी नको, बाई. वाटोळं करीन."

"कर की. त्यासाठीच आणलाय. कामाची एक फाइल नाही त्यात."

रुफिनाने आधी दोन्ही लिनक्स बसवली, मग विंडोज. यंत्र पुन्हा सुरू केलं तर थेट विंडोज उघडलं. निवडीची यादी कुठे दिसेना.

"गेलं सगळं," मागच्या बाकावरून सेबेरिना म्हणाली. "हिचा हात लागला ना."

रुफिना शाल आवळून उठली. बाईंनी खांदा दाबून तिला परत बसवलं.

"काही गेलेलं नाही. लिनक्स आत आहेत तशीच आहेत. विंडोज मागून आलं आणि दारात बसलं, एवढंच. ते आधी बसवायचं असतं. तुझा क्रम चुकतोय, हे मला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू क्रम पाठ केला असतास. भीती तशीच राहिली असती."

रुफिनाला राग आला. त्या रागातच तिने पेनड्राइव्ह लावला आणि बाई सांगतील तशी यादी दुरुस्त करायला घेतली. पहिला प्रयत्न फसला, दुसराही. शेजारी ठेवलेलं मक्याचं गरम पेय, आपी, निवून गेलं, त्यावर साय धरली. अखेर पडद्यावर तिन्ही नावं एकाखाली एक उमटली. तिने प्रत्येकात शिरून पाहिलं, बाहेर आली, पुन्हा शिरली. मग कुणाला न विचारता तिने सगळी डिस्क पुसून टाकली.

"अगं, आत्ता कुठे जमलं होतं," सेबेरिना कळवळली.

"म्हणूनच. आता पहिल्यापासून करते."

या खेपेला विंडोज आधी बसलं.

पुढे खाणकामगारांच्या सहकारी संस्थेत रुफिनाला नोकरी लागली, तरी शनिवारचा वर्ग तिने सोडला नाही. हळूहळू तो तीच घेऊ लागली. एका शनिवारी तिने चौथी यंत्रणा आणली, ती बाईंनाही नवी होती. बाई चष्मा पुसून पहिल्या बाकावर येऊन बसल्या.

"जरा सावकाश सांग गं," त्या म्हणाल्या. "आणि माझं काही चुकताना दिसलं तर गप्प बस."