गेनूचं तीन शिंगांचं जनावर

कामथडीच्या गेनू कुंभाराने आयुष्यभर बैलच केले. बेंदराला लोक ते कौतुकाने पुजायचे आणि सण सरला की तुळशीच्या बुडाशी ठेवायचे. दोन पावसांत पुन्हा चिखल. आपल्या हातचं एक तरी जनावर काचेच्या कपाटात राहावं, एवढीच त्याची हौस होती. त्याची बायको अंबूबाई म्हणायची, आधी तुमालाच कपाटात बसवायला पायजे.

अशात भोरच्या शाळेतल्या नूतनबाई एक चित्र घेऊन आल्या. शाळेच्या संग्रहासाठी त्यांना आव्यात भाजलेलं एक जनावर हवं होतं, कपाटात कायमचं ठेवायला. दीड कोटी वर्षांपूर्वीचं, हरणासारखं दिसणारं. दोन शिंगं डोळ्यांवर आणि तिसरं थेट डोक्याच्या मागून निघालेलं.

आठ दिवस खपून गेनूने जनावर उभं केलं. पाय सुरेख, डोळे पाणीदार. फक्त पाठीवर वशिंड आलं होतं आणि तिसरं शिंग गायब होतं. बघायला आलेल्या नूतनबाईंपाशी त्याने कबूल केलं, की वशिंड हाताच्या सवयीने आलं. शिंगाचं मात्र ठणकावून सांगितलं, की चित्र काढणाऱ्याने कधी औत धरलेलं नाही. मानेवर शिंग असल्यावर जू ठेवायचं कुठं?

बाईंनी कसंबसं हसू आवरलं. या जनावराला जू कधी लागलंच नाही, माणूस जन्मायच्या कितीतरी आधी त्याचं सगळं कूळच संपलं, असं त्यांनी समजावलं.

"समदीच गेली? एक बी न्हाई उरलं?"

बाईंनी मान हलवली. गेनूला फार वाईट वाटलं. त्या जनावराला कधी कुणी ओवाळलं नाही, कुणी नाव घेऊन हाक मारली नाही. दुपारी तो जेवलाच नाही. चुलते वारले तेव्हा दोन भाकरी जास्त खाल्ल्या होत्या, याची अंबूबाईने त्याला आठवण करून दिली.

पंधरा दिवसांनी तो मांडीवर टोपली घेऊन एसटीने भोरला गेला. टोपलीतून दोन जनावरं निघाली. एक तीन शिंगांचं, दुसरी बिनशिंगाची मादी. ती चित्रात नव्हतीच. पण गेनूने जन्मात एकटा बैल विकला नव्हता, तर हे एकटं कसं आणणार?

हेडमास्तरांनी कपाटाकडे बोट दाखवलं. शाळेला बक्षीस मिळालेल्या ढालींच्या शेजारी एकाचीच जागा होती. शिंगांचं ठेवा, दुसरं परत न्या, असं ते म्हणाले. गेनू त्या काचेकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने दोन्ही जनावरं उचलून परत टोपलीत ठेवली.

"एकट्याला न्हाई कोंडायचं, सायेब. समदी मेल्यावर शेवटचं एक कुठंतरी एकलंच हिंडलं असंल. आता पुन्यांदा नगं."

हेडमास्तर काही बोलायच्या आत नूतनबाईंनी कपाट उघडलं आणि एकेक ढाल बाहेर काढायला घेतली.