तारेवरचं चव्वेचाळिसावं कार्ड

भुतंखेतं, संकेत असलं मी कधीच मानलं नाही. मी याद्या करणारी बाई — घर बदलायचं तर खोक्यांना नंबर आणि नंबरांची वही. तरीही हे लिहितेय.

नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली यंदा रिकामी करायची होती. सगळं बांधून झालं, पण चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा हलेनात. त्यांचा मोठा भाऊ, वसंतकाका, कुठे आणि कसा गेला ते त्यांना कळायला हवं होतं. काका सतराव्या वर्षी आजीशी भांडून निघून गेला. काही महिन्यांनी कोपरा फाटलेलं कार्ड आलं. मयताची बातमी तेव्हा तशीच यायची, आणि ते कार्ड घरात ठेवत नसत. आजीला वाचता येत नव्हतं. घराबाहेर फक्त काका होता... तिने कार्ड तिथेच चुलीत घातलं आणि सगळ्यांना अंघोळीला पाठवलं.

"मी चौथीत होतो. मला वाचता येत होतं," बाबा एवढंच म्हणायचे.

नातेवाइकांपैकी कुणी काकाबद्दल लिहिलं असेल, म्हणून मी जुनी कार्डं काढली. आजी ती तारेच्या आकड्यात ओवून ठेवायची. प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर टाकला. त्रेचाळीस. काकाचं नाव कुठेच नाही. त्याच क्रमाने परत ओवली, खोक्यात घालून चिकटपट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, परत बघ. चिकटपट्टी मीच कापली. सतरा आणि अठराच्या मध्ये एक बिननंबरी कार्ड... कोपरा फाटलेलं. वरची सतरा उतरवल्याशिवाय तिथे काही ओवताच येत नाही.

बाबांनीच मोठ्याने वाचलं. "मी खुशाल आहे. रे रोडला लाकडाच्या वखारीत लागलो. राग गेला असेल तर बाबूला पाठवणे." बाबू म्हणजे बाबा.

"चल," ते म्हणाले.

वखार अजून आहे. काकाही आहे — काम सुटलं, तरी रोज तिथे येऊन बसतो. बाबांनी आधी कार्ड पुढे केलं. कोपरा का फाडलास, दादा?

"कोपरो? त्येच्यार फळीचा माप लिवलंय. कागद नाय होतो हाताक." मग कार्ड बाबांच्या हातात परत दिलं. "तू येवक नाय, म्हणान मी पण लिवक नाय."

खोली आम्ही वेळेत सोडली. काकाची पेटी, खोका नंबर एकोणतीस.

चुलीत जळताना बाबांनी पाहिलेलं ते कार्ड माझ्या वहीत चव्वेचाळीस नंबरला आहे. 'कुठे सापडलं' — तारेवर. 'तिथे कसं आलं' हा रकाना कोरा आहे, आणि तो मी अंदाजाने भरणार नाही.