विषाशेजारचा तुकडा

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये त्याचीच नक्कल करत होतो. चष्मा कपाळावर, जिवाणू वाढवायची काचेची प्लेट खिडकीशी धरलेली, आणि तो आवाज... "मास्तर, ह्यात तर कायबी उगवलं न्हाई." सगळे हसत होते. फोन ठेवल्यावर चष्मा खाली घ्यायचं सुचलं नाही. आता कॉलेजच्या वार्षिकाच्या संपादकांना त्याच्याबद्दल दोन गोड शब्द हवेत. त्यासाठी दुसरा कुणी शोधा. मला तो आवडत नव्हता.

आमच्या जालन्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची एकच प्रयोगशाळा, आणि तिच्यात धावड्याचा तो आणि बदनापूरचा मी, पंधरा वर्षं. माझी पीएच.डी. एका जिवाणूच्या विषावर होती. हा पठ्ठ्या स्वतःचीच वाढ रोखणारं विष बनवतो आणि शेजारच्या छोट्या जीनवरून त्याचा उताराही. दोघं एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, आणि ही जोडीच आपल्या जीनवर बसून उत्पादन आवरते. विष टिकतं, उतारा लवकर मोडतो, म्हणून तो सतत ताजा लागतो. उपासमार झाली की उतारा संपतो, विष मोकळं होतं, वाढ थांबते.

मला फक्त विष हवं होतं. त्याचा जीन नेमका कापून दुसऱ्या जिवाणूत घातला... आणि दोन वर्षं प्लेटा कोऱ्या. शेवटची मुदतवाढ चालू. दिगंबर रोज माझ्या भिंतीशी उभा राहून, जीनच्या नकाशावर मी डकवलेल्या वेळापत्रकाकडे बघत चहा प्यायचा. मला वाटायचं, सुटायची वेळ बघतोय. आणि तोंड उघडलं कधी? प्रगती अहवालाच्या दिवशी, बाहेरच्या परीक्षकांसमोर. "मास्तरनी विष ठिवलं अन् उतारा कापून फेकला. मंग जगंल कसा त्यो?" परीक्षक हसले. माझे मार्गदर्शकही हसले.

व्हरांड्यात गाठला त्याला. "दोन वर्षं माहीत होतं तुला?"

"व्हतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितल्तं की. तू बघितलं न्हाईस."

खोटारडा म्हणालो आणि बोलणं बंद केलं. उताऱ्यासकट तुकडा घातला तर आठवड्यात प्लेट भरली. पदवी मिळाली तेव्हा पेढ्यांचा डबा त्याच्या टेबलावरून, त्याच्या नाकासमोरून, पुढच्या टेबलावर नेला. काय मजा आली होती.

गेल्या सोमवारी त्याचे तास वाटून घ्यायचे म्हणून ते जुनं वेळापत्रक काढायला घेतलं. नकाशा लावला त्याच आठवड्यात मी ते चिकटवलं होतं. तेव्हा दिगंबरने माझ्या कोऱ्या करकरीत नकाशावर पेन्सिल चालवलेली दिसली, डोकं फिरलं, आणि न वाचताच ती झाकून टाकली होती. कागद सोलला. खाली छोट्या जीनभोवती गोल आणि त्याचं गिचमिड अक्षर: "मास्तर, ह्यो बी तुकडा घे. न्हाई तर कायबी उगवणार न्हाई."

परीक्षकांसमोर त्याने बोलायला नको होतं, हे माझं म्हणणं अजूनही आहे. फक्त ते ऐकवायला आता...

नवं वेळापत्रक मी दारावर लावलंय. चहा मात्र नकाशासमोर उभा राहून पितो, चष्मा कपाळावर. आता ती नक्कल बघायला कुणी नसतं.