एक न्यायाधीश आणि आमचे हे

आमच्या ह्यांचं न्यायाधीशांशी वाकडं. ऐंशीच्या दशकात, अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावी आमच्या घरात, ऑफिसातून आले की टीव्हीसमोर बसून हे त्यांची उलटतपासणी घेत. "कुठल्या तरी गावातला एक माणूस उठतो आणि अख्ख्या देशाचं धोरण थांबवतो! ह्याला निवडून दिलं कोणी?" पॉटलकला, म्हणजे आपापला एकेक पदार्थ घेऊन जेवायला, आलेली मंडळी मुकाट माना डोलवत, कारण वाद घातला तर जेवण गार होई.

माझा धाकटा भाऊ तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये राहायचा. शिकायला आला, व्हिसा संपला आणि इथेच राहून गेला. अशा लोकांना कायदेशीर करून घेणारा कायदा आला तेव्हा मी शिरा केला. पण पाठोपाठ सरकारचा नियम आला: व्हिसा संपल्यानंतर जो देशाबाहेर जाऊन आला, त्याचा अर्ज घ्यायचा नाही. भाऊ गेला होता, बाबांना अग्नी द्यायला; परतला तो पाहुण्याच्या व्हिसावर. नियम ऐकल्यापासून तो जेवताना दुसऱ्यांदा भात घेईनासा झाला. मला त्याच्याकडे बघवत नसे.

मग एका संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, की दूरच्या राज्यातल्या एका न्यायाधीशाने तो नियम देशभर थांबवला आहे.

"म्हणजे मिशिगनलाही लागू ना हो?" मी विचारलं.

"देशभर म्हणजे देशभर," हे गुरकावले. "आणि हेच चूक आहे! वरचं कोर्ट बघ, लगेच ऑर्डर कॅन्सल करेल."

"मग आता?"

"मग काय? त्याच्या आत अर्ज गेला पाहिजे. उद्या सुट्टी घेतो."

माझ्या बाळंतपणात ज्यांना सुट्टी मिळाली नव्हती, ते हे! सकाळी स्वतः बर्फ उपसून गाडी काढली आणि डेट्रॉइटच्या इमिग्रेशन ऑफिसपर्यंत भावाला न्यायाधीशांच्या मनमानीवर व्याख्यान दिलं. खिडकीतली बाई जरा घुटमळली, तर तिलाच सुनावलं, "जजची ऑर्डर आहे, मॅडम. होल कंट्री!" अर्ज घेतला गेला.

संध्याकाळी भावाने कितीतरी दिवसांनी पुन्हा भात मागून घेतला. मग हसत म्हणाला, "काय भाऊजी, जजने केलं ते बरोबर ना?"

"मुळीच नाही. एका माणसाच्या हातात इतकं असूच नये," हे म्हणाले. "त्याने नाही म्हटलं असतं तर तू..."

वाक्य अर्धंच टाकून त्यांनी त्याच्या पानात आणखी भात वाढला. इतके दिवस हेही घाबरलेले होते, हे मला तेव्हा कळलं.