उकंड्याचा बाक

उकंडाच्या आधीची भावंडं जगली नाहीत. म्हणून तो जन्मल्याबरोबर नजर लागू नये यासाठी आईनं त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि चुलतीनं परत उचलून आणलं. नाव पडलं उकंडा. तो सांगायचा, "माह्या जन्मातलं पयलं ओझं मीच होतो. बाकीची सगळी म्या उचलली."

ते खरंच होतं. बोरी अरबजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो हमाल होता. रुईच्या दाबलेल्या गाठी ट्रकवर चढवायच्या, सरकीची पोती गोदामात लावायची. नवा गडी कमरेतून वाकला, की उकंडा लांबूनच ओरडायचा, "पाठ ठेव घरी! पायानं उचल!" पाठीनं उचलणारा लवकर मोडतो, पायानं उचलणारा टिकतो, हे त्याचं म्हणणं. तो टिकला होता.

त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलं होतं. भाव पडलेला, अळी माजलेली, जिनिंगचं फाटक कधी उघडं, कधी बंद. भाव पडला की हिकमती वाढतात. ग्रेडर गाडीत हात घालून मूठभर कापूस काढतो आणि त्यावर सगळ्या गाडीची प्रत ठरवतो. तेव्हा त्याचा हात जिथं जाईल तिथं पांढराशुभ्र कापूस, खाली कवडी, म्हणजे किडका पिवळा माल. कोणाची गाडी कशी भरली आहे, हे उकंडाला नुसतं पाहून कळायचं. तो कोणाला सांगायचा मात्र नाही. "आपलं काम उचलाचं. पाहाचं काम त्याचं."

अशात त्याला ताप आला तो सुटेना. यवतमाळच्या दवाखान्यात रक्त तपासलं. मग हंसाबाईचं, त्याच्या बायकोचं, तपासलं. दोघांच्याही रक्तात एचआयव्ही निघाला. हे कुठून आलं, असं हंसाबाईनं एकदाच विचारलं. त्यानं एकदाच खरं सांगितलं. ती कितीतरी दिवस बोलली नाही. मग एका दुपारी म्हणाली, "भाकर थंडी होऊन राह्यली. जेवा." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

दवाखान्यात डॉक्टर मंजुषा होत्या. त्यांचा अभ्यास चालला होता. या रोगात रक्तातल्या कोणत्या पेशी किती उरतात, गोळ्या सुरू झाल्यावर कोणत्या आधी परत येतात, कोणत्या मागाहून, असं त्या बघत होत्या. त्यासाठी उकंडा आणि हंसाबाई दोघांनीही संमतीच्या कागदावर अंगठे दिले होते. रक्त का घेता, हे विचारल्यावर मॅडमनी नीट सांगितलं.

"रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काही पेशी बाकीच्यांना कामाला लावतात. हा विषाणू नेमक्या त्यांनाच मारतो."

"म्हंजे मुकादम," उकंडा म्हणाला.

"हो, मुकादमच म्हणा."

"मुकादम मेले तं कायले रडाचं, मॅडम? काम बरं चालते."

हंसाबाईनं त्याला कोपर मारलं. मॅडम हसल्या. "तुमच्या जिनिंगमध्ये चालत असेल, अंगात नाही चालत. आम्ही प्रत्येक जातीच्या पेशीला वेगळ्या रंगाची खूण लावतो. यंत्रातून त्या एकेक करून जातात, त्यांच्यावर प्रकाश पडतो, आणि कोणत्या जातीच्या किती ते मोजलं जातं."

"फाटकावर गाड्या एकामागं एक काट्यावर घेते, तसं."

"अगदी तसं."

उकंडाला यंत्र पटलं. मॅडमनी पुढचंही सांगितलं. मुकादम दोनशेच्या खाली गेले की गोळ्या सुरू करायच्या, वर असले तर थांबायचं, असा तेव्हाचा नियम होता. एकदा सुरू केल्या की जन्मभर चुकवायच्या नाहीत.

पहिल्या मोजणीत हंसाबाईच्या पेशी अगदीच कमी निघाल्या आणि उकंडाच्या भरपूर. तिला गोळ्या मिळाल्या, तो रिकाम्या हातानं परतला. पण एसटीत तो असा बसला, जसा काही पहिल्या प्रतीचा भाव घेऊन आला. घरी आल्यावर त्यानं नियम केला, "ज्याच्या पेशी कमी, त्यानं हापशीवरून पाणी भराचं."

"तसंही मीच भरतो," हंसाबाई म्हणाली.

"आता नियमानं भरशीन."

वर्ष गेलं. गोळ्यांनी हंसाबाई भरली. गाल वर आले, आवाज तर फारच वर आला. उकंडा मात्र उतरू लागला. शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरायची. तोंडात चट्टे आले. गाठीला हात लावला की खोकला यायचा. दर मोजणीला त्याचे मुकादम घटत होते आणि हंसाबाईचे वाढत होते. शेवटी ती पुढं गेली.

"उद्यापासून हापशीवर तुमी," ती म्हणाली.

"पुढच्या मोजणीत पाहू."

"पुढच्या मोजणीत दोनशेच्या खाली जाऊ द्या, बापा. गोळ्या तं सुरू होतीन."

हंसाबाईचा जीव त्या एका आकड्यात अडकला होता. तो खाली गेला की नवऱ्याला गोळ्या मिळणार होत्या. त्याच आकड्यात उकंडाची इज्जत अडकली होती. आयुष्यभर गाठी उचललेल्या माणसानं हापशीवर बायांच्या रांगेत हंडा घेऊन उभं राहायचं, हे त्याला मरणाहून जड वाटत होतं. मरण त्यानं अजून उचलून पाहिलं नव्हतं. हंडा कसा असतो, हे माहीत होतं.

मग त्यानं डोकं चालवलं. सुई जाते उजव्या कोपराच्या घडीत. म्हणजे ग्रेडरचा हात तिथं जातो. म्हणजे चांगला माल तिथं आणून ठेवायचा. कामानं हातात रक्त चढतं, हे कोणत्याही हमालाला ठाऊक आहे. शिरा फुगतात त्या कशानं?

दवाखान्यापासून जवळच सरकीच्या ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं, गोदाम होतं. तिथं त्याचा जुना जोडीदार देवसिंग हमाली करायचा. तो उकंडाच्याच गावचा; उकंडाला हा रोग आहे हे गावात त्या एकट्यालाच माहीत, आणि त्याचं तोंड तोपर्यंत बंद राहिलं होतं. मोजणीच्या दिवशी उकंडानं हंसाबाईला सांगितलं, की आज मी एकटाच जातो, तू जिनिंगमध्ये सरकीच्या कामावर जा. आणि तो थेट गोदामात पोचला.

"भिया, तुले उभं राहावत नाही," देवसिंग म्हणाला. "काहून मरून राह्यला?"

"ट्रक भराचा हाय ना? मंग एक माणूस फुकटचा घे."

देवसिंगला यात खोट दिसली नाही. उकंडानं ढेपेची पोती उचलायला सुरुवात केली. खरं सांगायचं तर तो मन लावून उचलत होता. पायानंच उचलत होता. श्वास पुरेना, डोळ्यांपुढं काजवे आले, तरी थांबला नाही. उजव्या हाताच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या, तेव्हा त्यानं दंडाला खांद्यावरचा दुपट्टा करकचून बांधला, की आलेला माल परत जाऊ नये. मग धावत रस्ता ओलांडला, जिना चढला आणि रक्त घेणाऱ्या स्वानंदपुढं हात टेबलावर आपटला.

"घ्या लवकर!"

स्वानंदनं वर पाहिलं. माणूस घामानं निथळत होता, केसांत ढेपेचा भुगा. "काका, धावत आलात का?"

"ऊन हाय."

"दुपट्टा कशाला बांधलाय?"

"तुमचं रबर वाचते ना."

स्वानंदनं दुपट्टा सोडला, आपलं रबर बांधलं आणि रक्त घेतलं. बाहेर येऊन उकंडा पायरीवर बसला तो पुढची एसटी निघून जाईपर्यंत उठलाच नाही.

निकालाच्या दिवशी हंसाबाई बरोबर होती. मॅडम रजेवर होत्या. खिडकीवरच्या बाईनं आकडा वाचला. उकंडाचे मुकादम दोनशेच्या चांगलेच वर, आणि हंसाबाईपेक्षा थोडे जास्त.

"सध्या गोळ्यांची गरज नाही. सहा महिन्यांनी या."

उकंडानं स्टँडवर जिलेबी घेतली. हंसाबाईनं हात लावला नाही. "असं कसं झालं?" एवढंच ती सारखी म्हणत होती. "अंगावर मांस नाही आन् पेशी कुठून आल्या?"

"मर्दाच्या पेशी हायेत. कमी खातेत, जास्त राबतेत."

दुसऱ्या दिवशी हंसाबाई हंडा घेऊन हापशीवर गेली आणि उकंडा ओट्यावर बसून बघत राहिला. नियम म्हणजे नियम. पण चारच दिवसांनी जिनिंगमध्ये त्यानं सरकीचं पोतं उचललं आणि अर्ध्या वाटेत खाली ठेवलं. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. सरकी वेचणाऱ्या बायांत हंसाबाई बसली होती. तिनं पाहिलं. त्यानंही ती पाहत असल्याचं पाहिलं. दोघांनीही नजर वळवली. त्या रात्री त्याला जिलेबी आठवली आणि ती गोड लागली होती की नाही, हे आठवेना.

पुढच्या आठवड्यात गावच्या किराणा दुकानात फोन आला. मॅडमनी परत बोलावलं होतं. दोघं निघाली. दवाखान्याच्या फाटकाशी देवसिंग चहा पीत उभा. उकंडा त्याला डोळ्यांनी खुणावतो आहे, तोवर त्याचं तोंड उघडलं.

"आला काय बे! आज तं दोन ट्रक हायेत. मागच्या खेपीले याच्यासारखा गडी नाही पाह्यला वैनी, रक्त द्याच्या आधी अर्धा ट्रक भरला यानं!"

हंसाबाईनं देवसिंगकडे पाहिलं. मग उकंडाकडे. मग तिनं देवसिंगच्या हातातला चहा काढून कट्ट्यावर ठेवला आणि त्याला दंडाला धरलं. "चाला भाऊजी. हेच आत सांगा."

आत मॅडम कागदावर डोकं खुपसून बसल्या होत्या. "उकंडाभाऊ, तुमच्या रक्ताचं मला कोडं पडलंय. मुकादम वाढले, पण नुसते तेच नाही, बाकीच्याही सगळ्या पेशी वाढल्यात. काही तर त्यांच्याहून जास्त. शंभरात मुकादम किती, हे बघितलं तर उलट कमीच झालेत. म्हणजे नवी भरती झालेली नाही. नुसती फाटकावर गर्दी झालीय. त्या दिवशी असं काय केलं होतंत?"

"काही नाही."

हंसाबाईनं देवसिंगला पुढं ढकललं. त्यानं पोती, ट्रक, दुपट्टा, सगळं सांगितलं. वरून म्हणाला, "पण काम चांगलं केलं, मॅडम. एक पोतं फुटलं नाही."

मॅडमनी चष्मा काढला. हसू आवरायला त्यांना थोडा वेळ लागला. मग सांगितलं, की जोराचं काम केलं की अंगभर इकडंतिकडं बसलेल्या पेशी तेवढ्यापुरत्या रक्तात येतात. काम थांबलं की परत जागेवर जातात. "मला वाटलं, यंत्रच बिघडलं."

"म्हंजे आल्या होत्या," उकंडा म्हणाला. "म्या आणल्या होत्या."

"आणल्या होत्या. पण त्यामुळं तुमच्या गोळ्या अडल्या."

"वजन वाढवाले मालावर पाणी मारलं होतं यायनं," हंसाबाई म्हणाली आणि एकदम त्याच्याकडं वळली. "सहा महिने थांबले असते तं भाकर थंडी होऊन राह्यली, जेवा, असं मी कोणाले म्हटलं असतं?"

उकंडानं उजवी बाही वर सारली. तो खाली बघत म्हणाला, "घ्या रक्त. काय निंघन ते निंघो."

मॅडमनी लगेच घेतलं नाही. जिन्याजवळच्या बाकावर पंख्याखाली अर्धा तास गप बसायला सांगितलं. काही उचलायचं नाही, चालायचं नाही. उकंडाच्या आयुष्यातलं हे सगळ्यात अवघड काम. जरा वेळानं सवयीनं त्याची उजवी मूठ मांडीवर वळू लागली. हंसाबाईनं पाहिलं आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले.

शेजारी बसलेली म्हातारी कौतुकानं म्हणाली, "या वयातई काय जीव हाय व एकमेकायवर!"

"जीव नाही व माय," हंसाबाई म्हणाली, "पहारा हाय."

पण अर्धा तास होऊन गेला, स्वानंदनं हाक मारली, तरी तिनं हात सोडले नाहीत. उकंडानंही मागितले नाहीत.

निकाल आला. उकंडाचे मुकादम दोनशेच्या कितीतरी खाली. "खाली गेल्या! गेल्या खाली!" हंसाबाई खिडकीपुढं टाळ्या पिटत ओरडली. रांगेतले लोक बघत राहिले. तिथं खालच्या आकड्यावर कोणी टाळ्या वाजवत नसे.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस मळमळ, मग भूक, मग फार भूक. आणि रोज सकाळी हंडा. हापशीवर शेजारची बिजलीबाई म्हणाली, "काय उकंडाभाऊ, जिनिंग बंद झालं काय?"

"पाण्याची लाइन धरली," तो म्हणाला आणि हंडा पायानं उचलला.

पुढचा हंगाम उघडला तेव्हा तो परत गाठीला लागला. दवाखान्यातही एक बदल झाला. रक्त द्यायला आलेल्या प्रत्येकाला आधी त्या बाकावर बसवायचे आणि विचारायचे, आज काही उचललं का? सगळे त्याला उकंड्याचा बाक म्हणू लागले. का, हे नव्या लोकांना माहीत नव्हतं. उकंडा स्वतः तिथं बसला की सांगायचा नाही. पाहायचं काम त्यांचं.

दुसऱ्या वर्षीच्या मोजणीत त्यानं हंसाबाईला गाठलं आणि मागं टाकलं. यंदा सरळ मार्गानं. नियमाप्रमाणं दुसऱ्या दिवशी हंसाबाई हंडा घेऊन निघाली. उकंडा ओट्यावर बसला. ती हापशीशी पोचली, हंडा भरला आणि कमरेतून वाकली.

"पाठ ठेव घरी!" तो ओट्यावरून ओरडला.

तिनं ऐकलं नाही. परत तशीच वाकली. मग तो उठला, शिव्या देत हापशीवर गेला आणि तिच्या हातून हंडा घेतला. त्या दिवसापासून पेशी कोणाच्याही जास्त असोत, पाणी तोच भरतो. हंसाबाई दर सकाळी दारात उभी राहते, एकदा मुद्दाम कमरेतून वाकते, आणि आत जाऊन चहा ठेवते.